तातीच्या तारा आणि परंपरेचा सूर

परंपरा म्हणजे मागून चालत आलेले, असे आपण सहज म्हणतो. पण नेमके किती मागून? विसाव्या शतकाच्या मध्यावर हा प्रश्न युरोपातल्या काही तरुण वादकांना पडला. त्यांपैकी व्हिएन्नातला एक समूह मला विशेष महत्त्वाचा वाटतो. निकोलाउस हार्नोनकूर्ट हा व्हिएन्ना सिम्फनीत चेलो वाजवणारा तेवीस वर्षांचा तरुण. त्याने पत्नी अॅलिस आणि काही सहकारी यांना घेऊन १९५३ साली 'कॉन्सेंटुस म्युझिकुस' स्थापन केला. पहिला जाहीर कार्यक्रम व्हायला १९५७ साल उजाडले. मधली चार वर्षे जुनी वाद्ये मिळवण्यात, जुने ग्रंथ वाचण्यात आणि तालमींत गेली.

एवढी तयारी कशासाठी, हे समजायला त्या काळचे बाख कसे वाजत होते ते पाहावे लागते. बाखचे 'सेंट मॅथ्यू पॅशन' मेंडेल्सोनने १८२९ साली बर्लिनमध्ये पुन्हा सादर केले, तेव्हा गायकांचा ताफा शंभराहून मोठा होता आणि मूळ रचनेला बरीच कात्री लागली होती. पुढे भव्यता हीच बाखची रीत ठरली. वाद्येही बदलत गेली. एकोणिसाव्या शतकात जुन्या व्हायोलिनांच्या माना लांब झाल्या, तारांवरचा ताण वाढला. आतड्यापासून वळलेल्या तातीच्या तारा जाऊन पुढे धातूच्या आल्या. बाहेर फुगलेल्या कमानीचा गज जाऊन आत वळलेला गज आला. लांब, अखंड, सारख्या वजनाचा स्वर त्यामुळे सोपा झाला. जुन्या गजाचा स्वर मात्र उमटतो आणि विरतो. बोलताना शब्दावर आघात यावा तसा.

मग जुने वाद्य आणि जुना गज हाती घेतला की काम झाले का? इथे खरी अडचण सुरू होते. स्वरलिपीत फार थोडे लिहिलेले असते. हार्प्सिकॉर्डवादकाला मंद्रातली एक ओळ आणि तिच्यावर काही आकडे मिळतात. बाकीचे स्वर त्याने जागेवर भरायचे. भातखंडे यांच्या पुस्तकातली बंदिश हातात आली म्हणून ख्याल उभा राहत नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. तिकडे उरलेल्या जागा भरायला जुने ग्रंथ मदतीला येतात. पण ग्रंथांचे एकमत नसते. जेमिनियानी १७५१ साली सांगतो की बोटाने स्वर हलवणे शक्य तितक्या वेळा करावे. अवघ्या पाच वर्षांनी लेओपोल्ड मोत्सार्ट, प्रत्येक स्वर ताप भरल्यासारखा थरथरवणाऱ्यांची टर उडवतो. वादकाने कोणाचे ऐकावे?

पट्टीचेही तेच. आज बहुतेक बरोक समूह 'ए' हा स्वर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला लावतात. म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा त्यांच्यासाठी काळी चारवर येते. ही पट्टी ऐतिहासिक म्हणून ओळखली जाते. पण अठराव्या शतकात सर्वत्र एकच पट्टी नव्हतीच. लाइपझिगच्या चर्चमधले ऑर्गन इतर वाद्यांहून उंच होते, म्हणून बाखच्या काळात ऑर्गनचा भाग एक पूर्ण स्वर खाली लिहून घ्यावा लागे. ४१५ ही सोय आपल्या काळाची आहे. ती आजच्या पट्टीहून बरोबर अर्धा स्वर खाली पडते, त्यामुळे हार्प्सिकॉर्डच्या पट्ट्या एक घर सरकवून दोन्हीकडे वाजवता येते.

याच दुव्यावर बोट ठेवून रिचर्ड टारुस्किन या अभ्यासकाने टीका केली. हे वादन जितके जुने म्हणवते तितके ते विसाव्या शतकाच्या आवडीचे आहे, असा त्याचा रोख होता. चपळ लय, स्वच्छ रेषा, भावविवशतेचा तिटकारा हे गुण आधुनिकच. मला ही टीका पटते, पण तिच्यामुळे प्रयत्न फोल ठरतो असे वाटत नाही. बाखच्या काळचा नाद परत मिळाला की नाही, हे तपासायला तेव्हाचा कान कोणाकडेच नाही. मात्र ज्याला आपण बाख समजत होतो ती शंभर-सव्वाशे वर्षांची सवय होती, एवढे या तरुणांनी निर्विवाद दाखवले.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले. भारतात ध्वनिमुद्रण आले १९०२च्या सुमारास. 'सौभद्र'ची पदे त्यांच्या डोळ्यांदेखत कशी गायली जात, याचा ध्वनी उरलेला नाही. जे आपण परंपरा म्हणून कानात जपतो, ते पुढच्या पिढ्यांच्या गळ्यातून आलेले आहे. त्याने त्याची गोडी कमी होत नाही. पण त्या पदांची संहिता, चालींचे मूळ आणि तेव्हाची साथ यांचा शोध घेत कोणी तरुण मंडळी चार वर्षे तालीम करायला बसली, तर कदाचित आपल्याही कानांना आपली सवय ऐकू येईल.