विधेय विशेषणाची तीव्रता आणि ‘असणे’

इंग्रजीतील ‘टू बी’ हे संयोजक क्रियापद विशेषणास कर्त्याशी जोडते. गुणाचे आधिक्य सांगावयाचे झाल्यास विशेषणापूर्वी ‘व्हेरी’ ठेवले की काम भागते. त्याच धर्तीवर ‘आभाळ फार काळे आहे’ असे मराठीत म्हणता येते व ते अशुद्धही नव्हे. तथापि भाषेचा स्वाभाविक कल ‘काळेकुट्ट’कडे आहे. येथे अतिशयवाचक अंश विशेषणाच्या पाठीस चिकटतो.

सामासिक शब्दात विकार सामान्यतः अंत्यपदास होतो. येथे उलट घडते : काळाकुट्ट, काळीकुट्ट, काळ्याकुट्ट ढगांनी. पूर्वपद बदलते, ‘कुट्ट’ अचल राहते. बोलीभेदातही हीच तऱ्हा दिसते. वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे गाव वऱ्हाडीच्या क्षेत्रात मोडते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात या बोलीची नोंद आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा पुष्कळदा ‘य’ होतो (गावाच्या लिखित नावातही तोच वर्ण आहे). ‘आभाय कायंकुट्ट झालं’ या वाक्यात पूर्वपदाने बोलीचा वेष घेतला, उत्तरपदास मात्र धक्का लागला नाही.

खरी अडचण भाषांतरात येते. ‘व्हेरी रेड’ एकच. मराठीत ओठ लालचुटूक, रागावलेला चेहरा लालबुंद आणि डोळ्यांना खुपणारे लुगडे लालभडक. म्हणजे उत्तरपद केवळ प्रमाण सांगत नाही, पसंती-नापसंतीही सांगते. धुतलेले धोतर पांढरेशुभ्र, भ्यालेला चेहरा पांढराफटक. यांची अदलाबदल होत नाही. शिवाय अशी विशेषणे आपापले क्रियापद निवडतात. चेहरा पांढराफटक ‘पडतो’, डोळे लालबुंद ‘होतात’, ताक आंबटढोण ‘लागते’, पावसानंतरचे रान हिरवेगार ‘दिसते’. इंग्रजीच्या ‘इज’साठी सर्वत्र ‘आहे’ योजणारा विद्यार्थी व्याकरणात चुकत नाही. त्याचे मराठी मात्र निर्जीव होते. कित्येकदा तर क्रियापदाची गरजच उरत नाही : ‘वर आभाळ काळेकुट्ट, खाली रान हिरवेगार.’

अलीकडे ‘खूप हिरवेगार’, ‘फार काळाकुट्ट’ असे प्रयोग आढळतात. ‘गार’ व ‘कुट्ट’ यांनी जे सांगून झाले तेच पुन्हा सांगण्याचा हा प्रकार इंग्रजीतील ‘व्हेरी फ्रीझिंग’सारखाच खटकतो. ‘अगदी काळाकुट्ट’ मात्र खपते, कारण ‘अगदी’ हा शब्द गुण वाढवीत नाही. तो पूर्णतेची ग्वाही देतो.