सोयाबीननंतरची वैरण

दिवाळीच्या आसपास चुडाव्याच्या शिवारात जागोजाग सोयाबीनच्या भुसकटाचे ढीग पडलेले असतात. मळणीयंत्रातून दाणा पोत्यात जातो आणि काड्या, शेंगांची टरफलं, वाळका पाला वाऱ्यासोबत मागे उडतो. पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या या गावात पूर्वी दावण पोसली जायची ती ज्वारीवर. कणीस माणसाचं, ताट जनावराचं अशी वाटणी ठरलेली होती. सोयाबीन आलं, हातात रोख पैसा आला. पण कडबा आटला आणि महागला. आता गायीची भिस्त या ढिगावर आहे.

ज्या गोठ्यात मी या भुसकटाची वैरण होताना पाहिली, तिथं वैरणीची तयारी दूध काढण्याइतकीच मन लावून होते. घरची बाई भुसकट टोपल्यात घेऊन आधी हातानं चाळवते. खडे, प्लॅस्टिक, तारेचा तुकडा आणि राहिलेले सोयाबीनचे दाणे वेगळे निघतात. शेजारी कडबाकुट्टी चालू असते. पेंढ्यांचे इंच-दीड इंचाचे तुकडे पडत जातात. कुट्टी आणि भुसकट खालीवर करून त्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं, हिरवा चारा असेल तर तोही त्यात कालवायचा. "नुसतं टाकलं तर फुंकर मारून बाजूला सारती, दादा. कालवून दिलं की गव्हाण चाटून काढती," ती सांगते.

या मेहनतीमागचं कारण गायीच्या पोटात आहे. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. चारा आंबवून पचवतात ते. जाडाभरडा चारा मिळाला की गाय रवंथ करते, दिवसभरात शंभर लिटरच्या वर लाळ तयार होते आणि त्या लाळेतला सोडा पोटातली आम्लता आवरतो. तंतुमय चाऱ्यापासून तयार होणारं ॲसिटिक आम्ल दुधातल्या फॅटला लागतं. नुसती पेंड वाढवली आणि वैरण कमी केली, की पोट आंबतं, फॅट घसरते. डेअरीत दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन भागावर ठरतो, म्हणून हे नुकसान थेट खिशाला लागतं. कुट्टीचं पीठ करून चालत नाही, तेही याचसाठी. चावण्याजोगं काही उरलं नाही तर रवंथ मंदावतो.

प्रत्येक भुसकटाची जात निराळी. तुरीचं भुसकट पाल्यामुळे जनावरं आवडीनं खातात, हरभऱ्याचंही चालतं. सोयाबीनच्या काड्या मात्र टणक. त्यांतलं लिग्निन पचत नाही, म्हणून नुसत्या त्यांच्यावर जनावराचं पोट भरायचं नाही. उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते चुना बांधून ठेवतं; त्यामुळे वाढे देताना खनिज मिश्रण किंवा चुन्याची निवळी हवीच.

गव्हाच्या काडावर युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो काडाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबून ताडपत्रीखाली २१ दिवस हवाबंद ठेवायचा. काडातली प्रथिनं साधारण ३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांच्या आसपास जातात आणि काड मऊ पडतं. उघडल्यावर अमोनियाचा वास उडू द्यायचा, मग थोड्या प्रमाणानं सवय लावायची. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे देऊ नये. सोयाबीनच्या भुसकटावर मात्र युरिया शिंपडायचा नाही. कच्च्या दाण्यातलं युरिएज युरियाचा झपाट्यानं अमोनिया करतं, आणि गायीला विषबाधा होऊ शकते. दाणे वेचून काढण्याचं मोल इथं कळतं.

सगळ्यात मोठा शत्रू परतीचा पाऊस. भिजलेल्या ढिगाला बुरशी धरते. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं आणि ते दूध पिणाऱ्या लेकरापर्यंत पोचतं. काळं पडलेलं, कुबट वासाचं भुसकट कितीही जिवावर आलं तरी गव्हाणीत टाकू नये.

मळणी झाली की दाण्याच्या पोत्यांवर घाईनं ताडपत्री पडते आणि भुसकट उघड्यावर राहतं. काही जण ते धुऱ्यावरच पेटवून देतात. उन्हाळ्यात हेच लोक चढ्या भावानं वैरण शोधत फिरतात. सोयाबीन पेरणाऱ्यानं मळणीच्या दिवशीच दुसरी ताडपत्री काढून ठेवावी. दाणा वर्षातून एकदा विकला जातो. झाकून ठेवलेलं भुसकट मात्र उन्हाळाभर रोजच्या दुधाला आधार देतं.