निबेलुंगांच्या गाथेची कापाकापी

३० जानेवारी १९४३ रोजी हिटलरच्या सत्तेला दहा वर्षे पूर्ण झाली. स्टालिनग्राडमध्ये जर्मनीची सहावी आर्मी तेव्हा वेढ्यात सापडली होती. अन्न, औषधे, दारूगोळा सारेच संपत आले होते आणि शरण जायला हिटलरची परवानगी नव्हती. त्या दिवशी नाझी नेता हेरमान ग्योरिंगचे भाषण रेडिओवरून ऐकवले गेले. त्याने एका मध्ययुगीन महाकाव्याचा दाखला दिला. जळत्या महालात अडकलेल्या निबेलुंग वीरांनी रक्ताने तहान भागवली, पण ते अखेरच्या माणसापर्यंत लढले. तशीच लढाई आज स्टालिनग्राडमध्ये चालू आहे, असे त्याने सांगितले. २ फेब्रुवारीपर्यंत प्रतिकार संपला. सुमारे ९१ हजार सैनिक कैद झाले आणि त्यांतले जेमतेम सहा हजार पुढे मायदेशी परतले. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या काव्याला असा मृत्यूचा हुकूम बनवता आला, कारण त्यातला एक प्रसंग मूळ कथेपासून तोडून घेतला होता. अतिउजव्यांच्या दंतकथाप्रेमाची सारी रीत या कापाकापीत आहे.

मूळ कथा काय आहे? ‘निबेलुंगनलीड’ हे काव्य इ.स. १२००च्या सुमारास, बहुधा डॅन्यूबकाठच्या पासाऊ परिसरात, एका अनाम कवीने रचले. ड्रॅगनच्या रक्तात न्हाऊन अभेद्य झालेला सीगफ्रीड हा त्यातला वीर. पाठीवर झाडाचे पान चिकटल्याने तेवढी एक जागा मात्र कोरडी राहते. वर्म्सच्या बुर्गुंडी राजांचा, म्हणजे काव्यात पुढे निबेलुंग म्हटल्या जाणाऱ्यांचा, सरदार हागेन हे मर्म सीगफ्रीडच्या भोळ्या पत्नीकडून, क्रीमहिल्डकडून, काढून घेतो आणि झऱ्यावर पाणी पिताना त्याच्या पाठीत भाला मारतो. हा कट राजा गुंथरला, म्हणजे क्रीमहिल्डच्या सख्ख्या भावाला, ठाऊक असतो. पुढे विधवा क्रीमहिल्ड हूणांचा राजा एट्झेल याच्याशी लग्न करते, माहेरच्यांना मेजवानीला बोलावते आणि सूड घेते. हागेनला आमच्या स्वाधीन करा, बाकीचे सुखरूप जा, असा तिचा प्रस्ताव भाऊ नाकारतात. मग महालाला आग, प्रेतांचे रक्त पिण्याची वेळ आणि दोन्हीकडचा सर्वनाश. महाभारताच्या वाचकाला हा शेवट ओळखीचा वाटेल: इथे विजय कुणाचाच नाही, मागे उरलेले फक्त रडतात.

आता याचे तुकडे कसे पडले ते पाहा. १७५५ मध्ये होहेनएम्सच्या ग्रंथालयात या काव्याचे हस्तलिखित पुन्हा सापडले. नेपोलियनविरोधी युद्धांच्या लाटेत ते राष्ट्रीय महाकाव्य ठरले आणि १८१५ मध्ये सैनिकांना सोबत नेता येईल अशी त्याची आवृत्तीही निघाली. १९०९ मध्ये जर्मन चान्सलर ब्यूलोने ऑस्ट्रियाशी असलेल्या मैत्रीला ‘निबेलुंगनिष्ठा’ म्हटले. ही निष्ठा काव्यात खुन्याला पाठीशी घालते आणि सगळ्यांना मृत्यूकडे नेते, याची आठवण कुणाला नको होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सरसेनापती हिंडेनबुर्गने १९२०च्या आत्मचरित्रात लिहिले की, हागेनच्या कपटी भाल्याने सीगफ्रीड पडला तशी आपली आघाडी कोसळली. वास्तविक सप्टेंबर १९१८च्या अखेरीस तातडीने युद्धबंदी मागा, असा आग्रह त्याच्याच सरसेनापती कार्यालयाने धरला होता. तरी ‘पाठीत खंजीर’ या मिथकाने पराभवाचा दोष समाजवादी आणि ज्यूंच्या माथी मारला. काव्यातला मारेकरी मात्र परका नाही, तो दरबारातला सर्वात विश्वासू माणूस आहे. १९२० मध्ये विश्वासघातकी ठरलेला हागेन १९४३ मध्ये जळत्या महालातला आदर्श वीर झाला. एकाच पात्राला गरजेप्रमाणे खलनायक आणि नायक करणाऱ्यांची निष्ठा कथेवर असू शकत नाही.

अतिउजव्यांचा वंशशुद्धीचा दावा तर काव्यात क्षणभरही टिकत नाही. एट्झेल म्हणजे इतिहासातला अटिला. पण कवीने त्याला उदार यजमान म्हणून रंगवले आहे. त्याच्या दरबारात ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर आपापल्या रीतीने शेजारी नांदतात. मेजवानीत त्याच्या कोवळ्या मुलाचे मुंडके उडवतो तो हागेन. अतिउजव्यांच्या आवडीच्या नॉर्स कथांतही ओडिन आणि थॉर या दोघा देवांच्या माता देवकुळाबाहेरच्या, राक्षसकुळातल्या आहेत. तरी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिलच्या अतिउजव्या मोर्चात रून या प्राचीन जर्मानिक अक्षरांची चिन्हे मिरवली गेली आणि २०१९ मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचे प्राण घेणाऱ्याने आपल्या जाहीरनाम्यात वालहल्लाची, म्हणजे नॉर्स कथांतल्या मृत वीरांच्या महालाची, भाषा वापरली. चिन्ह मिरवायला कथा वाचावी लागत नाही, म्हणूनच ते त्यांच्या सोयीचे असते.

यावर कुणी म्हणेल, काव्यात रक्तपात, सूड आणि आंधळी स्वामिनिष्ठा आहेच; मग दोष फक्त वाचणाऱ्यांचा कसा? आक्षेपात तथ्य आहे. कवी शौर्यावर भाळलेला आहे आणि पराक्रमाची वर्णने तो रंगून करतो. पण त्याच निष्ठेची किंमतही तो दाखवतो. रूडिगर हा एट्झेलचा सरदार एकीकडे राणी क्रीमहिल्डला दिलेली शपथ आणि दुसरीकडे ज्यांना घरी जेवू घातले, मुलगी देऊ केली ते बुर्गुंडी पाहुणे, यांच्यात चिरडला जातो. त्याची घालमेल हा काव्याचा नैतिक गाभा आहे आणि सैन्याला चिथावणाऱ्या भाषणात तो कधीच येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: विद्वानांनी तर काव्य पूर्ण वाचले होते, त्यांनी काय केले? जर्मन मध्ययुगाचे नामवंत अभ्यासक हान्स नाउमान यांनी मे १९३३ मध्ये बॉन येथील नाझींच्या पुस्तकांच्या होळीत भाषण केले. म्हणजे ज्ञान एकटे पुरत नाही. ते मूठभरांच्या हाती राहिले आणि त्यांनीच सत्तेपुढे मान तुकवली, तर कथेच्या बाजूने बोलणारा कुणी उरत नाही. म्हणून ही काव्ये कलंकित समजून दूर ठेवणे हा उपाय मला मान्य नाही. तसे केले की त्यांचा अर्थ सांगण्याचा मक्ता अतिउजव्यांकडेच जातो. वर्म्समध्ये आज या काव्याचे संग्रहालय आहे आणि २००२ पासून तिथे निबेलुंग नाट्यमहोत्सव भरतो. शाळेत, रंगमंचावर, घरात ही कथा शेवटापर्यंत, रूडिगरच्या घालमेलीसह आणि एट्झेलच्या अश्रूंसह सांगितली गेली पाहिजे. शेवट माहीत असलेल्या श्रोत्याला त्या जळत्या महालाचे आमिष दाखवणे अवघड जाते.