घरगुती कार्यशाळेसाठी लेथची निवड

इ.स. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली याने कापण्याचे हत्यार हाती न धरता ते सरकत्या आधारावर घट्ट बसवून, त्या आधाराची चाल एका अचूक स्क्रूशी जोडून, हुकमी मापाचे आटे पाडण्याची जी व्यवस्था सिद्ध केली, तीच आज घरातील एखाद्या खोलीत मावणाऱ्या लहानशा लेथमध्येही कायम आहे. आणि असा लेथ विकत घेऊ इच्छिणाऱ्या हौशी गृहस्थाने प्रथम आकड्यांचा तपशील नीट समजून घ्यावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

बटाला, राजकोट येथे बनणारे लेथ आपल्या बाजारात बेडच्या लांबीवरून ओळखले जातात. परंतु साडेचार फुटी बेडवर साडेचार फुटी काम मावत नाही, कारण त्या लांबीचा बराच हिस्सा हेडस्टॉक आणि टेलस्टॉक हेच व्यापतात. म्हणून दोन सेंटरांमधील अंतर किती, हे स्पष्ट विचारावे. वीजपुरवठा घरगुती असल्यास मोटर सिंगल फेजची घ्यावी, हे ओघाने आलेच.

याहून महत्त्वाचा प्रश्न वजनाचा. धातू कापताना हत्याराच्या टोकावर येणारा दाब अखेर बेडलाच सोसावा लागतो, आणि बेड हलका असला की तो सूक्ष्म प्रमाणात वाकतो, हत्यार थरथरते व कापलेल्या पृष्ठभागावर लहरी उमटतात. सुमारे ४० किलो वजनाचा नवा चिनी मिनी-लेथ पितळ, ॲल्युमिनियम व बारीक पोलादी कामे संथपणे करील, यात शंका नाही. तथापि जागा असेल, तर जुना परंतु भारदस्त बिडाचा लेथ मी निःसंशय श्रेष्ठ मानतो.

जुन्या यंत्राची परीक्षा मात्र कसून करावी. बहुतेक काम चकजवळच होत असल्यामुळे बेडची झीजही तेथेच अधिक होते. तेव्हा सॅडल चकजवळ आणून त्याचा खेळ नाहीसा होईपर्यंत स्क्रू आवळावेत आणि मग ते टेलस्टॉकच्या दिशेने सरकवून पाहावे. वाटेत ते जड होऊन अडकले, तर बेड झिजलेला आहे असे खुशाल समजावे. त्यानंतर चकमध्ये जाड सळई धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, तिच्यावर हलका काप घ्यावा व दोन्ही टोकांचे व्यास मायक्रोमीटरने मोजावेत. फरक पडला आणि तो केवळ बेड पिळल्यामुळे असला, तर पायांखाली पातळ पत्रे सारून दूर होतो. झिजेमुळे असला, तर बेड पुन्हा ग्राइंड करण्याचा भारी खर्च अंगावर येतो.

लीडस्क्रूचीही चौकशी करावी. तो इंची मापाचा असल्यास मिलिमीटरचे आटे बिनचूक पाडण्यासाठी १२७ दात्यांचे गिअर लागते, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. यंत्राने अनेक मालक पाहिले असतील, तर हे गिअर मध्येच कोठे गहाळ झालेले असणे अशक्य नाही. म्हणून बयाणा देण्यापूर्वी बदली गिअरांचा सारा संच समक्ष मोजून घ्यावा.