अंतरा-ट्रॅपी थरांचे निक्षेपण पर्यावरण

दक्षिण ट्रॅपच्या दोन लाव्हा प्रवाहांच्या दरम्यान आढळणाऱ्या गाळाच्या थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. सु. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्ह्याची उद्गिरणे थांबून थांबून होत असत. मधल्या काळात लाव्ह्याच्या पृष्ठावरील सखल भागांत तळी निर्माण होऊन त्यांत गाळ साचे. या थरांत चर्ट, चुनखडक, शेल व मृत्तिका हे खडक आढळतात. त्यांची जाडी बहुधा थोडे मीटरच असते.

सूक्ष्मकणी, पातळ पटलांचा शेल संथ पाण्यात तयार होतो. फायसासारख्या गोगलगाईंचे शंख व कारा या शैवलाचे अवशेष गोड्या, उथळ पाण्याचे निदर्शक होत. सभोवारच्या वनश्रीची माहिती मात्र मुख्यत्वे परागकणांवरून मिळते. परागकणाचे बाह्य कवच स्पोरोपोलेनीन या अतिशय टिकाऊ द्रव्याचे असते. त्यामुळे हायड्रोक्लोरिक व हायड्रोफ्ल्युओरिक अम्लांनी खडक विरघळविला, तरी कण शिल्लक राहतात. ऑक्सिडीभवनाने मात्र ते नाश पावतात. म्हणून तांबड्या मृत्तिकेत पराग न सापडणे हा वनस्पती नसल्याचा पुरावा नव्हे. शिवाय वाऱ्याने आलेला पराग दूरच्या डोंगरावरचाही असू शकतो. ॲझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याची बीजुके त्या मानाने अधिक विश्वसनीय ठरतात, कारण ती वनस्पती तळ्यातच वाढते.

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात या पुराव्यांचा मेळ बसविणे कठीण जाते. तेथील मोहगाव कलाँच्या चर्टमध्ये गोड्या पाण्यातील जीवांबरोबर नीपा या ताडकुलातील वनस्पतीची फळे आढळली आहेत. नीपा आज खाड्यांच्या दलदलीत वाढते. तिची फळे पाण्यावर तरंगतात. पण ती प्रवाहाविरुद्ध अंतर्भागात येणार नाहीत. यावरून समुद्र जवळ असावा, असे अनुमान काढण्यात आले. आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किमी. दूर असलेल्या स्थळी ते अनेकांना पटले नाही व ही आक्षेपाची बाजू दुर्बळ नव्हती. 2009 मध्ये याच जिल्ह्यातील झिलमिली येथील थरांतून पॅलिओसीनच्या आरंभीचे प्लवकी फोरॅमिनीफेरा नोंदविण्यात आले. हे सागरी जीव असल्याने समुद्राचे पाणी निदान काही काळ तेथवर पोहोचले होते, या मताला बळकटी आली. तरीही झिलमिलीच्या छेदात गोड्या पाण्याचे थरही आहेत. त्यामुळे एका थराचा निष्कर्ष सर्व छेदाला, अगर एका गावचा दुसऱ्या गावाला लावता येत नाही.

याउलट, आज समुद्रकाठी असलेल्या मुंबईतील वरळीच्या अंतरा-ट्रॅपी थरांत इंडोबॅट्रॅकस या लहान बेडकांचे सांगाडे सापडतात. ते थर गोड्या पाण्याच्या उथळ दलदलीत साचलेले आहेत.