‘अंगात रक्त नाही’ म्हणजे काय?

‘पोरीच्या आंगात रगातच नाय,’ असे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. चेहरा फिकट, चार पायऱ्या चढताच धाप, अभ्यासात लक्ष नाही, अशा मुलीबद्दल ते बोलले जाते. पण विद्यार्थी मित्रांनो, तिच्या अंगातील रक्त मोजता आले, तर ते इतरांइतकेच भरेल. मग कमी झाले ते काय? कमी झालेल्या असतात रक्तातील तांबड्या पेशी, किंवा त्या पेशींत भरलेले हिमोग्लोबिन. प्राणवायू वाहून नेण्याचे काम हिमोग्लोबिनचे. ते अपुरे पडले की तेवढाच प्राणवायू पोचवण्यासाठी हृदयाला अधिक धावपळ करावी लागते. या अवस्थेला रक्तक्षय किंवा पांडुरोग म्हणतात. बारा वर्षांवरील मुलीच्या १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन आढळले, तर तिला रक्तक्षय आहे असे समजतात.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने रक्तात हात घालावा हे आमच्या जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांना कदाचित रुचणार नाही. पण इथे एक सुंदर हिशेब आहे, तो सोडवत नाही. वही घ्या. एक घन मिलिमीटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. प्रौढ माणसाचे रक्त ५ लिटर धरा, म्हणजे ५० लाख घन मिलिमीटर. गुणाकार केला की २५ लाख कोटी पेशी होतात! प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस जगते. १२० दिवसांचे सेकंद होतात १ कोटी ३ लाख ६८ हजार. आता भागा. उत्तर येते सुमारे २४ लाख. दर सेकंदाला २४ लाख पेशी मोडीत निघतात आणि तितक्याच नव्या घडतात! हे वाक्य वाचून होईपर्यंत एक कोटीचा आकडा ओलांडलेला असेल.

हा कारखाना चालतो हाडांच्या पोकळीत. मटणाची नळी ताटावर आपटून आपण जो मगज काढतो, तीच अस्थिमज्जा. लहान मुलांच्या सर्वच हाडांत ती तांबडी असते. पुढे हातापायांच्या लांब हाडांतील बरीचशी मज्जा पिवळी, चरबीची होते आणि काम मुख्यतः बरगड्या, छातीचे हाड, मणके व कंबरेचे हाड यांवर पडते. एकाच जातीच्या मूळ पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, असा सारा परिवार तयार होतो. तांबडी होणारी पेशी पुन्हा पुन्हा विभागते, हिमोग्लोबिनने भरत जाते, आणि शेवटी आपले केंद्रकच बाहेर टाकून देते. केंद्रक गेले की दुरुस्ती संपली. म्हणूनच तिचे आयुष्य इतके मोजके. कारखान्याचा वेग ठरवते मूत्रपिंड. प्राणवायू कमी पडतो आहे असे दिसताच ते एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडते आणि मज्जा कामाला जुंपते.

कच्च्या मालात पहिला मान लोहाचा. सबंध शरीरात लोह असते ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे एका खिळ्याइतके. नव्या पेशींसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. अन्नातून मात्र १-२ मिलिग्रॅमच शोषले जाते. बाकीचे येते कोठून? प्लीहा व यकृत जुन्या पेशी मोडतात आणि त्यांतील लोह परत मज्जेकडे पाठवतात. इतका काटकसरी भंगारवाला शोधून सापडणार नाही!

आता आपल्या विहिरीचा विचार करा. रोज जितक्या कळश्या उपसाव्यात तितके झऱ्यांनी भरून यावे, म्हणजे पाण्याची पातळी तीच राहते. ती खाली जाते केव्हा? झरे आटले तर, किंवा उपसा वाढला तर. तांबड्या पेशींचेही तसेच. सिकलसेल किंवा थॅलॅसेमियासारख्या आनुवंशिक विकारांत पेशी अकालीच मोडतात. मासिक पाळीत रक्त जाते. आणखी एक छुपा उपसा आहे, अंकुशकृमीचा. ओल्या, घाण मिसळलेल्या मातीत अनवाणी चालताना त्याची सूक्ष्म अळी तळपायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्यात जाऊन बसते आणि तेथे रक्त पिते. दोन मिलिलिटर रक्त गेले की एक मिलिग्रॅम लोह गेले. दिवसाची मिळकत आठवा, म्हणजे हा तोटा केवढा ते कळेल. आमच्याकडे पावसाळा चार महिने. पायात चप्पल हवी ती केवळ काट्यासाठी नव्हे.

झरा आटण्याची एक हकीकत मुंबईत उलगडली. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधक १९२८ मध्ये मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. भोवती गिरणगाव, जेथे कोकणातील असंख्य घरांतली माणसे राबत होती. तेथील गरीब गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय होई. अनेकजणी त्यातून उठत नसत. विल्सबाईंनी आधी जंतू शोधले, ते मिळेनात. मग त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. कोणत्या थरातील बायका काय खातात हे त्यांनी पाहिले. ज्यांच्या ताटात ताजी भाजी, फळे, प्रथिने जवळजवळ नसत, त्यांच्यात रोग अधिक. तसाच आहार त्यांनी उंदरांना व माकडांना दिला. मार्माइट नावाच्या यीस्टच्या अर्काने एक आजारी माकड सुधारले. तोच स्वस्त अर्क त्यांनी रोगी बायकांना दिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. अर्कात नेमके काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. पण बायका जगल्या, हे त्याहून मोठे असे मला वाटते.

त्या द्रव्याला काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे केले गेले. लॅटिनमधील पान या शब्दावरून त्याचे नाव पडले फोलिक आम्ल. १९४५ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनवता आले. त्या कामात आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. विल्सबाईंचा घटक तो हाच. फोलिक आम्ल नसेल तर पेशीचे डीएनए नीट तयार होत नाही. पेशी वाढते, पण तिला विभागता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी मोठाल्या दिसतात. लोहाच्या तुटवड्यात त्या लहान आणि फिकट दिसतात. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी पडले, तरी पेशी मोठाल्याच होतात. म्हणून रक्त तपासल्याखेरीज कोणता माल संपला हे सांगता येत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळले. म्हणजे हा प्रश्न तुमच्याच वर्गातला आहे. कुळीथ, चवळी, पालेभाजी, बांगडा हे सारे आपल्या हाताशी आहे. पिठीवर लिंबू पिळा, लोह अधिक शोषले जाईल. जेवणाबरोबर चहा घेतलात तर कमी. भाजी फार वेळ उकळून पाणी फेकून दिले, तर फोलिक आम्लही त्याच्याबरोबर मोरीत जाते.

शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. विल्सबाईंच्या घटकाचीच ती गोळी. शौचास काळे होते म्हणून काही मुले ती बाकाखाली टाकतात. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, त्यात भिण्यासारखे काही नाही. जेवणानंतर घेतली तर मळमळही कमी होते. ही गोळी रक्तक्षय टाळण्यासाठी आहे. तो झालेलाच असेल, तर डॉक्टर रोजचे औषध देतात, आणि दोन-चार आठवड्यांनी बरे वाटू लागले तरी ते बंद करू देत नाहीत. कारण वहीतल्या हिशेबातच आहे: पहिल्या आठवड्याभरात नव्या पेशी बाहेर पडू लागतात, पण जुन्या फिकट पेशी पूर्णपणे बदलून निघायला १२० दिवस लागतात, आणि लोहाचा रिकामा साठा भरायचा तो त्यानंतर.