बर्फाच्या वाटेवरची घरची मोटार



आपल्याकडे मोटार घ्यायची ठरली म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो ॲव्हरेजचा. लिटरला किती पळते? मग किंमत, मग रंग. ही गाडी हिवाळ्यात चालेल ना, असे कोणी विचारीत नाही, आणि विचारण्याचे कारणही नाही. आपला हिवाळा म्हणजे पहाटेची शेकोटी आणि हुरडा. फार तर निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो, द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटतात, वर्तमानपत्रात बातमी येते. पण रस्ता असतो तसाच राहतो आणि मोटार सकाळी मुकाट्याने सुरू होते.

तरीही हा प्रश्न आता आपल्या गावांत येऊन पोहोचला आहे. कारण गावोगावची मुले-मुली शिकून थंड मुलखांत राहू लागली आहेत. माझ्या एका शिक्षकमित्राची मुलगी अशीच कॅनडात, ओटावा शहरी गेली. ती, जावई आणि चार वर्षांचा मुलगा. पहिला हिवाळा त्यांनी बसने काढला. मग तिचा फोन आला : "बाबा, जुनी मोटार घ्यायची म्हणतोय. पैसे बेताचेच आहेत. दोन गाड्या पाहिल्या. एक मोठी, उंच, चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी. ती घेतली की खिसा रिकामा. दुसरी साधी, पुढच्या दोन चाकांवर ओढणारी. ती घेतली तर हिवाळ्याचे चार टायर वेगळे घेण्याइतके पैसे उरतात. कोणती घेऊ?"

मास्तर जन्मभर सायकलवर शाळेत गेलेले. मी विज्ञान शिकवीत असे, म्हणून ते प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मला मोटारीतले काही कळत नाही. पण मागच्या सीटवर नातू बसणार आहे."

त्या दिवशी आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन जो विचार केला, तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी तो मुलूख कसा आहे ते पाहू. ओटावा ही कॅनडाची राजधानी. तिथे जानेवारीत पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरणे ही रोजची गोष्ट, आणि हिवाळाभरात पडणारा सारा बर्फ मोजला तर सरासरी दोन मीटरांच्या घरात जातो. म्हणजे आपल्या घराच्या दाराएवढा! शहराच्या एका अंगाला ओटावा नदी. अलीकडे ऑन्टारिओ प्रांत, पलीकडे क्वेबेक. पलीकडे कायदाच आहे, की तिथे नोंदलेल्या मोटारींना 1 डिसेंबरपासून 15 मार्चपर्यंत हिवाळी टायर हवेतच. हा नियम तिथे 2008 साली प्रथम लागू झाला. अलीकडे, ऑन्टारिओत, तशी सक्ती नाही. मात्र हिवाळी टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने हप्त्यात सूट द्यावी, असा नियम 2016 पासून आहे. नदी एकच, बर्फ एकच. एका तीरावर सरकार ठरवते, दुसऱ्या तीरावर ज्याचे त्याने ठरवायचे. मास्तरांची लेक राहते ती या दुसऱ्या तीरावर. म्हणून तर प्रश्न पडला!

आता मुख्य मुद्दा. मोटार केवढीही मोठी असो, ती जमिनीला टेकते किती जागी? चार जागी. आणि प्रत्येक ठिकाणी टेकणारा टायरचा भाग असतो साधारण आपल्या तळहाताएवढा. चार तळहात! गाडी पुढे जाते ती या चार तळहातांच्या जोरावर, वळते ती त्यांच्याच जोरावर, आणि थांबते तीही त्यांच्याच पकडीवर. ही पकड गेली की पुढचे इंजिन आणि आतली गादी काही कामाची नाही.

गुरुजी, हे गणित वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहे. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. कोरड्या डांबरी रस्त्यावर या वेगाने जाणारी मोटार जोराने ब्रेक दाबल्यावर साधारण 14-15 मीटरांत थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर घर्षण कोरड्या रस्त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते; तिथे तीच मोटार पन्नासएक मीटर जाते. आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर घर्षण आणखी निम्मे झाले, की अंतर होते शंभर मीटरांच्या आसपास. शंभर मीटर म्हणजे आपल्या शाळेच्या पटांगणातली धावण्याची शर्यत! आणि डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एखादा सेकंद जातो, त्याचे 14 मीटर वेगळेच.

याच गणितात एक आशेची गोष्टही आहे. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, तसेच ते कमीही होते. वेग निम्मा केला की अंतर चौथ्या हिश्श्यावर येते. ताशी 50 चे 25 केले, तर त्या काचेसारख्या बर्फावरचे शंभर मीटर पंचवीसवर येतात. म्हणून हिवाळ्यातला पहिला ब्रेक म्हणजे चालवणाऱ्याची सबुरी.

दुसरा ब्रेक म्हणजे रबर. खोबरेल तेलाची बाटली थंडीत कशी गोठते, ठाऊक आहे ना? तेल तेच, पण उन्हाळ्यात पातळ आणि थंडीत घट्ट. रबराचेही काहीसे तसेच. साधा टायर उन्हाळ्याच्या तापल्या रस्त्यासाठी केलेला असतो. हवा सात अंशांच्या खाली गेली की त्याचे रबर कडक होऊ लागते. कडक रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरत नाही, नुसते वरून घसरते. हिवाळी टायरचे रबर निराळ्या मिश्रणाचे असते. ते गारठ्यातही मऊ राहते. शिवाय त्याच्या अंगावर बारीक बारीक चिरा पाडलेल्या असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरून ठेवतात. या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचे चांदणीसारखे फूल, असे चिन्ह असते. ते पाहूनच घ्यावा. 'ऑल सीझन' म्हणजे बारमाही, एवढ्या नावावर भुलू नये. बारमाही म्हणून विकले जाणारे पुष्कळ टायर खऱ्या थंडीत कमी पडतात.

टायर चारही बदलायचे, बरं का. दोन पैसे वाचवावेत म्हणून पुढचे दोनच बदलले, तर पुढची चाके धरतात आणि मागची घसरतात. मग वळणावर गाडीचा मागचा भाग पुढे यायला पाहतो. आणि झिजलेला टायर नावाचाच हिवाळी. खाचांची खोली चार मिलिमीटरांच्या जवळ आली, की बर्फाच्या रस्त्यावर तो वापरू नये, असे कॅनडाचे वाहतूक खाते सांगते.

आता त्या मोठ्या, उंच गाडीकडे वळू. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचा गुण खरा आहे, तो नाकारायचा नाही. बर्फात रुतलेली गाडी ती बाहेर काढते, चढावर ती सरसर चढते. पण आपल्या बैलगाडीचा दाखला घ्या. चढावर दोनाऐवजी चार बैल जुंपले तर गाडी वर जाईल. पण उतारावरची वाट शेवाळलेल्या फरशीची असली आणि बैलांना पत्री मारलेली नसली, तर गाडी अंगावर आल्यावर चार बैल तरी कशाने रोखणार? खूर निसटणारच! मोटारीचेही तसेच आहे. ब्रेक तर साध्या गाडीतही चारही चाकांना लागतो. म्हणजे थांबण्याच्या कामी मोठ्या गाडीला जास्तीचे काहीच मिळालेले नाही. उलट सहज वेग घेता येतो म्हणून चालवणारा फसतो. गाडी निघाली चटकन, तेव्हा थांबेलही चटकन, असे त्याला वाटते. घात होतो तो इथे.

पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या साध्या मोटारीत इंजिनाचे ओझे नेमके त्याच चाकांवर असते, त्यामुळे बर्फातही ती बऱ्यापैकी धरून चालते. कॅनडातलेच उदाहरण पाहा. पिकअप आणि उंच गाड्या सोडून साध्या मोटारींचा हिशेब धरला, तर 1998 पासून वीसाहून अधिक वर्षे तिथे सर्वांत जास्त खपणारी मोटार होती होंडा सिव्हिक, पुढच्या चाकांवर चालणारी. एवढ्या बर्फाच्या देशात लोक तिच्यावर संसार करत होते! मात्र ज्याचे घर डोंगराळ वस्तीत आहे, जिथे बर्फ सारणारे यंत्र उशिरा पोहोचते, त्याने चारही चाकांच्या जोराची गाडी जरूर घ्यावी. पण हिवाळी टायर तिलाही लावावेतच.

गाडी धरून चालली, पण सकाळी सुरूच झाली नाही तर? भरवशाची गाडी म्हणजे आधी सुरू होणारी गाडी. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला तिची ताकद सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी होते, आणि वजा 18 ला अर्ध्याहून जास्त जाते. तिकडे इंजिनातले तेल दाट झालेले, म्हणजे फिरवायला जोर जास्त हवा. बैल अशक्त आणि ओझे दुप्पट! म्हणून जुनी गाडी घेताना बॅटरी किती वर्षांची आहे हे विचारावे, आणि थंडीत किती अँपिअरचा झटका देते तो आकडा पाहावा. हा आकडा वजा 18 अंशांवर मोजून बॅटरीवर लिहिलेला असतो. तेल 0डब्ल्यू किंवा 5डब्ल्यू असे, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले घालावे. यातला डब्ल्यू म्हणजे 'विंटर', हिवाळा.

इंजिन गार ठेवणारे पाणीही तिथे साधे चालत नाही. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि इंजिनाचा लोखंडी ठोकळा तडकू शकतो. म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळतात. निम्मे पाणी, निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण वजा 37 अंशांपर्यंत गोठत नाही. विनिपेगसारख्या आणखी थंड शहरांत तर इंजिनाला विजेची शेगडी बसवतात आणि रात्री गाडीची वायर भिंतीतल्या प्लगला लावून ठेवतात, जणू दावणीला बांधलेली गाय!

आजकाल कोणी विचारील, विजेची मोटार घ्यावी का? घेणारे घेतात, नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींतल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. मात्र कडक थंडीत एका चार्जवर पळण्याचे अंतर बरेच घटते, कारण गाडी ऊबदार ठेवायलाही बॅटरीच लागते. रात्री घरी चार्ज करण्याची सोय असेल तरच तिचा विचार करावा.

जुनी गाडी घेताना आणखी एक वैरी पाहायचा, तो म्हणजे मीठ. बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यांवर दर हिवाळ्यात लाखो टन मीठ टाकतात. कोकणात खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे खातात, तसे हे मीठ मोटारीचे पोट खाते. वरून रंग चकचकीत, आणि खाली ब्रेकची नळी गंजलेली! म्हणून गाडी उचलून खालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तसेच गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा असते. तिला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतात. सप्टेंबर 2011 पासून कॅनडात बनणाऱ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. त्याआधीची गाडी असेल तर ही यंत्रणा आहे की नाही, ते विचारून घ्यावे.

राहता राहिला मागच्या सीटवरचा नातू. आजीला वाटते, पोराला जाड कोट घालून बसवावे. पण जाड कोटावरून पट्टा बांधला तर तो नुसता कापसावर आवळला जातो. धक्का बसला की कोट दबतो, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यातून निसटू शकते. म्हणून कोट काढायचा, अंगालगत पट्टा आवळायचा आणि वरून पांघरूण घालायचे. दुसरे, बर्फात उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सुरू करण्याआधी मागची धुराची नळी मोकळी करायची. ती बर्फाने बुजलेली असली तर विषारी वायू आत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. ऊब घेत बसलेले माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडते.

एवढे सारे झाल्यावर मास्तरांनी कागद उलटा केला आणि लेकीसाठी मागच्या बाजूला चार ओळी लिहिल्या. साधी गाडी घे. खालून गंज पाहून घे, बॅटरी तपासून घे. उरलेल्या पैशांतून हिवाळ्याचे चारही टायर घे. मुलाचा कोट काढून पट्टा बांध, आणि हळू चालव.

तुमच्याही घरातले कोणी बर्फाच्या मुलखात असेल आणि असा फोन आला, तर मोटारीतले मला काय कळते, असे म्हणू नका. पहिला प्रश्न विचारा : "टायर कोणते आहेत?"